व्हिएन्ना ट्रामने बघायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन दोन दिवस व्हिएन्नाला जातेय. तिच्या गुडघ्यांमुळे जिने आणि लांबची चाल अजिबात जमत नाही, पण खिडकीशी बसवलं की ती तासन्‌तास बघत राहते. म्हणून शहर ट्राममधूनच दाखवायचं ठरवलंय.

माझ्या जुन्या गाईडबुकात १ आणि २ नंबरच्या ट्राम रिंगस्ट्रासेला (जुन्या शहराभोवतीच्या रुंद रस्त्याला) पूर्ण गोल फेरी मारतात असं छापलंय. ते २००८ पासून बंद झालंय, हे आता कळलं. त्यामुळे माझा बेत असा: ऑपेराजवळ १ नंबर पकडून पार्लमेंट, राटहाउस (नगरभवन), विद्यापीठ बघत श्वेडनप्लाट्झ, तिथे बदलून २ नंबरने श्टाट्पार्कवरून परत ऑपेरा. या दिशेने जाताना पार्लमेंट आणि राटहाउस डावीकडे, हॉफबुर्ग राजवाडा आणि बुर्गथिएटर उजवीकडे. आईला कुठल्या बाजूला बसवू?

श्वेडनप्लाट्झला गाडी बदलताना किती चालावं लागतं? जिना आहे का? नवीन ट्रामचा मजला अगदी फुटपाथच्या पातळीला असतो म्हणतात, पण पायऱ्यांची जुनी गाडी आली तर सोडून द्यावी का?

दुसऱ्या दिवशी ‘डी’ ट्रामने बेल्व्हेडेर राजवाड्यातल्या संग्रहालयात क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र बघणार आहोत. मग ७१ नंबरने सेंट्रल सिमेटरी, कारण बेथोवनच्या समाधीवर फूल ठेवायचं हे आईचं फार जुनं स्वप्न आहे. दुसऱ्या गेटपासून तिथपर्यंत वाटेत बसायला बाक आहेत का? ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.