पोरगी नववीत आहे, इन्स्टाग्राम मागतेय. द्यावं का? खान्देशातल्या आईबापांनी सांगा

पारोळ्याची_आई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही पारोळा तालुक्यातले, घरची शेती, कापूस नि मका. मोठी पोरगी नववीत आहे, १४ पूर्ण झाले. दिवाळीपासून एकच धोशा लावलाय की मला इन्स्टाग्राम पाहिजे, वर्गातल्या सगळ्या पोरींचं आहे, माझंच नाही. ती मेंदी फार सुंदर काढते, आखाजीला गल्लीतल्या सगळ्या पोरीबाळी तिच्यासमोर हात पसरून बसतात, तिला त्या मेंदीचे रील टाकायचेत. मिस्टर म्हणतात दहावी होईस्तोवर नाव काढायचं नाही, सासूबाई म्हणतात पोरीच्या जातीला फोन कशाला पाहिजे, आणि मी मधे.

मला पोरीची बाजूपण कळते. कपाशीत बोंडअळीचे कामगंध सापळे किती लावायचे, किती उंचीवर लावायचे हे वडिलांना तिनेच युट्यूबवर काढून दाखवलं होतं, आणि गणिताचं काही अडलं की आमच्या घरात सांगणारं कोणी नाही, ती फोनवरच बघते. पण भीतीपण खरी आहे. आमच्या भावकीतल्या एका पोरीचा लग्नातला साधा फोटो कोणीतरी उचलला आणि घाण गाण्यावर टाकला, तो गावभर फिरला, आणि शेवटी झालं काय तर घरच्यांनी पोरीचीच शाळा बंद केली. टाकणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मला नुसतं द्या किंवा देऊ नका असं नकोय. यात फायदा नेमका काय, धोका नेमका कुठे, आणि आमच्यासारख्या कमी शिकलेल्या आईबापाने काय बघायचं, ते सांगा.

रावेर_केळीबाग

ताई स्पष्ट सांगतो, नका देऊ. ऑस्ट्रेलियासारख्या देशाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्या पोरांना सोशल मीडियाचे अकाउंट बंद केले, त्यांना काही कळत असेल म्हणूनच ना. आमच्या घरी एकच नियम, फोन ओट्यावर सगळ्यांच्या समोर बघायचा, अभ्यासाचं बघायचं आणि आईच्या हातात परत. उन्हाळ्यात पोरं गच्चीवर झोपायला जातात ना, रात्री एक-दीडला चादरीतून उजेड दिसतो. पुतण्याचा मी स्वतः पाहिलाय, सकाळी डोळे लाल आणि अंगात त्राण नाही. हे रील म्हणजे पोरांची झोप खाऊन राहिले, बाकी काही नाही.

शहादा_गुरुजी

केळीबाग भाऊंचं झोपेचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या वर्गात पहिल्या तासाला जी पोरं पेंगतात ती बहुतेक फोनवालीच असतात. पण ऑस्ट्रेलियाचं थोडं सांगतो, तिथला कायदा पोरांना किंवा आईबापांना दंड करत नाही, दंड आहे तो कंपन्यांना, लहान पोरांचे अकाउंट थांबवायला नीट पावलं उचलली नाहीत तर ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. म्हणजे तिथं जबाबदारी कंपनीवर टाकलीय. आपण घरात नुसती बंदी घातली तर सगळा भार पोरावर येतो, आणि पोरगं मित्राच्या फोनवर जातं.

ताई, तुम्ही फायदा-धोका विचारलाय म्हणून आकडे सांगतो. असर म्हणजे गावोगावच्या पोरांच्या शिक्षणाची पाहणी, तिच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ च्या पोरांना विचारलं होतं. ८२ टक्क्यांच्या वर पोरांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हे झालं एक. मला जास्त लागलं ते पुढचं, सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी प्रोफाइल प्रायव्हेट कसं करायचं हे साधारण ५५ टक्क्यांनाच माहीत होतं आणि ब्लॉक-रिपोर्ट कसं करायचं ते ६२ टक्क्यांना. बाकीची पोरं तिथं उघड्यावर आहेत आणि घरात कोणाला पत्ता नाही.

अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मोठ्या आरोग्य अधिकाऱ्याने, मे २०२३ मध्ये जो इशारा दिला त्यातही दोन्ही बाजू होत्या. दिवसाला तीन तासांच्या वर सोशल मीडियावर असणाऱ्या पोरांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसला. आता फोनमुळे पोरं उदास झाली की उदास पोरंच फोनवर जास्त बसली हे एवढ्यावरून ठरत नाही, पण तीन तास हा आकडा आईबापाने डोक्यात ठेवावा असा आहे. आणि त्याच कागदात हेही आहे की एकटं पडलेल्या पोरांना तिथं आपल्यासारखी माणसं भेटतात, धीर मिळतो. मी आमच्या भागातल्या पावरा आणि भिल्ल पोरांमध्ये हे बघतो, शहरातल्या कॉलेजला गेलेली पोरं आपल्या होळीचे, ढोलाचे व्हिडिओ टाकतात आणि पाड्यावरची पोरं ते बघून ताठ मानेने बोलतात की हे आमचं आहे. पुस्तकातून हे त्यांना कधी मिळालं नाही.

फीड, म्हणजे ॲप उघडलं की एकामागून एक समोर येणारे व्हिडिओ, ते कसं चालतं तेवढं समजून घ्या. तुम्ही कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबला हे ते ॲप बघतं, लाईक नाही केलं तरी. एखादी पोरगी गोरं व्हायच्या, बारीक व्हायच्या व्हिडिओवर दोन-चारदा थांबली की तेच ते समोर येत राहतं आणि तिला वाटतं सगळं जग असंच दिसतं, मीच काळी. म्हणून रविवारी पोरीच्या शेजारी बसा आणि तिचं फीड तिच्याबरोबर वर सरकवा, तपासणी म्हणून नाही, हे काय, ही कोण, असं विचारत. घाण आलं की तीन टिंबं दाबून ‘नॉट इंटरेस्टेड’ करायचं तिला दाखवा. त्या दहा मिनिटांत तुम्हाला कळेल पोरगी कुठल्या जगात आहे.

पारोळ्याची_आई

गुरुजी खूप आभार. एक गोष्ट आज कळली. माझी भाची बोलता बोलता बोलून गेली की माझ्या पोरीचं अकाउंट आधीच आहे, मैत्रिणीच्या फोनवर काढलंय, आणि जन्मसाल २००४ टाकलंय. मी अजून घरात कोणाला सांगितलं नाही. मिस्टरांना कळलं तर फोनच फोडतील.

भुसावळ_वकील

ताई, घाबरानं काम नही शे. आधी मिस्टरांना थंड डोक्याने सांगा, पण पोरीसमोर नाही.

मी सेशन कोर्टात काम करतो, सायबरच्या तक्रारी घेऊन लोक येतात म्हणून धोक्याचं नेमकं सांगतो. सगळ्यांचं लक्ष पोरींवर असतं पण पैशाच्या ब्लॅकमेलमध्ये पोरंही फसतात, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पद्धत अशी असते, देखण्या पोरीच्या फोटोचं प्रोफाइल, आधी गोड मेसेज, मग चल व्हॉट्सॲपवर बोलू, मग व्हिडिओ कॉल. समोरून कपडे काढलेला व्हिडिओ चालवतात आणि पोराला पण काढायला लावतात, स्क्रीन रेकॉर्ड होते, आणि पाच मिनिटांत त्याच्या फॉलोअरची यादी त्यालाच पाठवून म्हणतात यूपीआयने पैसे टाक नाहीतर तुझ्या मामाला, काकाला, सरांना व्हिडिओ जाईल. पोरगं घरात बोलू शकत नाही, बापाच्या खात्यातून टाकतं, एकदा टाकले की मागणी वाढते. म्हणून दोन गोष्टी पोरांना आजच सांगून ठेवा, पैसे टाकायचे नाहीत आणि चॅट डिलीट करायचं नाही. स्क्रीनशॉट काढा, प्रोफाइलची लिंक जपून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत नंबरला, लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. बाकी तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर घरबसल्या होते, त्यात महिला-बालकांचा वेगळा भाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. पोराचा १८ च्या आतला नग्न फोटो कुठे पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुठेच पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा आकडी ठसा तयार होतो आणि सामील झालेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढतात.

आणि बोभाट्याची भीती, जिच्यामुळे लोक तक्रारच करत नाहीत. पोक्सो हा मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा २०१२ चा आहे, त्यात लैंगिक गुन्हा झालेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा काहीही छापायला-दाखवायला मनाई आहे. पोराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना पोलीस वर्दीत नको, असं कायद्यात लिहिलंय. दारात वर्दी येईल आणि गल्ली गोळा होईल या भीतीने गप्प बसू नका, साध्या कपड्यांत या असं हक्काने सांगा. तुमच्या भावकीतल्या पोरीबद्दल वाचून वाईट वाटलं, साध्या फोटोवर घाण गाणं लावून बदनामी केली तरी तक्रार होते, पोर्टलवर पण आणि ठाण्यात पण. अजूनही उशीर झाला नसेल. शाळा मात्र तिची परत सुरू करायला कोणीतरी मोठ्या माणसाने बोललं पाहिजे, ते तुम्ही करू शकता.

अजून एक, वर्गाच्या ग्रुपमध्ये कोणी १८ च्या आतल्या पोराचा किंवा पोरीचा नग्न फोटो टाकला आणि आपल्या पोराने नुसता पुढे ढकलला तरी आयटी कायद्याच्या ६७ ब कलमात तोही अडकतो. मुलांच्या आईबापांनी हे जास्त ऐकावं.

जळगावची_एफवाय

मावशी, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव चाळीसगावकडे. पोरीच्या बाजूने लिहिते, राग नका मानू. आम्ही लपवतो कारण सांगितल्यावर काय होतं ते आम्ही पाहिलेलं असतं. एखाद्या पोरीला कोणी घाण मेसेज केला आणि तिने घरी सांगितलं तर पहिला प्रश्न येतो तू काय केलंस, दुसऱ्या दिवशी फोन बंद, मग शाळा बंद, मग वर्षभरात स्थळं बघायला सुरुवात. मग कोण सांगेल. माझ्या एका मैत्रिणीला एक माणूस महिनोन्‌महिने त्रास देत होता, ती फक्त याच भीतीने गप्प होती की मायला कळलं तर बारावीला बसू देणार नाही. त्या माणसाला पण हे बरोबर माहीत असतं, तो हेच म्हणतो, सांग तुझ्या घरी, बघू कोणाचं नुकसान होतं. म्हणून तुम्ही तिला आधी एवढं एकच सांगा की काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही, आणि पप्पांकडून पण तिच्यासमोर वदवून घ्या. सेटिंग नंतर.

फायद्याचं पण सांगते. नाशिकला हॉस्टेलला होते तेव्हा आमच्या अहिराणीला पोरी हसायच्या, मी बोलणंच बंद केलं होतं. मग इन्स्टावर अहिराणी रील बनवणाऱ्या पोरी दिसल्या, त्यांना लाखांनी लोक बघतात, ते बघून मी मेसमध्ये परत मायशी फोनवर मोठ्याने बोलायला लागले. हे तुम्हाला छोटं वाटेल, मला नाही वाटलं.

रावेर_केळीबाग

पोरीने जे लिहिलं ते वाचून थांबलो. शाळेचं बरोबर आहे, ते मान्य. पण ओट्याचा नियम मी सोडणार नाही, आणि रात्री फोन पोरांजवळ नको म्हणजे नको. आमच्याकडे आता सगळ्यांचे, माझा पण, फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात. घरात बापच अंथरुणात रील बघत असेल तर पोराला कोणत्या तोंडाने सांगणार.

पारोळ्याची_आई

काल मिस्टरांशी बोलले. आधी भडकले, मग भावकीतल्या पोरीचं काढलं तेव्हा गप्प झाले. शाळेचं पोरीला दोघांनी मिळून सांगितलं, ती रडली खूप आणि स्वतःच मैत्रिणीकडून फोन आणून अकाउंट दाखवलं. काही वाईट नव्हतं, पण ओळख ना पाळख अशी दोनशेच्या वर माणसं फॉलोअर आहेत आणि शाळेच्या ड्रेसमधला फोटो आहे. आता हे बंद करून नवीन काढू का, की यातच वय बदलू? आणि मेंदीचं काय करू, प्रायव्हेट ठेवलं तर कोण बघणार म्हणते.

शहादा_गुरुजी

ताई, ते जुनं बंदच करा, दोनशे अनोळखी माणसं वेचत बसण्यापेक्षा बरं. आधी शाळेच्या ड्रेसवाला फोटो काढून टाका, मग अकाउंट कायमचं डिलीट करा, आणि मैत्रिणीच्या फोनमध्ये पासवर्ड सेव्ह असेल तोही काढून टाका. नवीन तिच्या खऱ्या जन्मतारखेने उघडा. २००४ टाकलं की ॲप तिला मोठी बाई समजतं आणि पोरांसाठी केलेलं संरक्षण लागूच होत नाही, खोट्या वयातला खरा घोटाळा हा आहे. १३ च्या पुढे इन्स्टाग्राम वापरता येतं, आणि फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे १८ च्या आतल्यांना टीन अकाउंट मिळतं, ते आपोआप प्रायव्हेट असतं, ओळखीबाहेरचं कोणी मेसेज करू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद राहतात, दिवसाला तासभर झाला की आठवण येते. ती १६ ची होईस्तोवर यातलं काही सैल करायला तुमची परवानगी लागते. त्यासाठी तुमचं स्वतःचं अकाउंट काढून तिच्याशी सुपरव्हिजनने, म्हणजे ॲपमधल्या आईबापाच्या देखरेखीच्या सोयीने, जोडा. मग ती किती वेळ वापरते आणि मागच्या सात दिवसांत कोणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते दिसत नाही, आणि ते दिसू नये हेच बरं.

मेंदीसाठी वेगळं अकाउंट तुमच्या नावाने काढा, ते पब्लिक ठेवा. त्यात फक्त हात दिसतील, चेहरा नाही, शाळेचं नाव नाही, घराचं दार किंवा गाडीचा नंबर मागे येणार नाही, फोन नंबर तर अजिबात नाही. येणारे मेसेज तुमच्या फोनवर येऊ द्या आणि दोघी मिळून बघा. लग्नसराईत ऑर्डर आल्या तर भाव पण तुम्हीच ठरवा, आणि नववीच्या परीक्षेत घेऊ नका.