हाताच्या अंतरावरचं गाणं : छोट्या मैफलींचे अनुभव लिहा

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात मी दर डिसेंबरला जातो, पुढेही जाणार. पण तिथे मागच्या बाजूला जागा मिळाली की गायकाचा चेहरा पडद्यावर बघायचा आणि आवाज कर्ण्यातून ऐकायचा. गायकाला तर आपण दिसतही नाही. या धाग्यावर त्याच्या उलट अनुभव हवे आहेत. वाड्याचा दिवाणखाना, क्लबाची माडी, तळघर, देवळाचा मंडप, कुणाची तरी बैठकीची खोली, काहीही चालेल. शंभराच्या आसपास माणसं किंवा त्याहून कमी. गाणारा-वाजवणारा इतका जवळ की त्याने घसा खाकरलेला ऐकू यावा.

शास्त्रीयच हवं असं नाही. 'कोण मोठा गायक' हा वाद मात्र इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

माझ्यापासून सुरुवात. पुण्यात एका छोट्या सभागृहात एकल तबला होता. उशिरा पोचल्यामुळे मंचाच्या डाव्या अंगाला जमिनीवर जागा मिळाली, म्हणजे डग्ग्याच्या (तबलाजोडीतल्या डाव्या हाताच्या, खर्जाच्या वाद्याच्या) शेजारीच. ध्वनिक्षेपकावर डग्ग्याचा नुसता 'धूं' पोचतो. इथे मनगट कातड्यावरून सरकताना होणारी घासही ऐकू येत होती. मींड (एका स्वरातून दुसऱ्यात सरकणारा नाद) काढताना वादक मनगटाच्या मुळाने किती दाब देतो आणि तो नेमका कुठे सोडतो, हे दिसत होतं. एक कायदा (तबल्याच्या ठरावीक बोलांची रचना) त्यांनी आधी तोंडाने म्हटला, मग वाजवला. ही तोंडी पढंत चालू असताना माझ्या शेजारच्या शाळकरी मुलाची बोटं मांडीवर चालायला लागली. वादकाने ते पाहिलं आणि पुढचा पलटा (त्याच बोलांची फिरवाफिरव) त्याच्याकडे बघतच वाजवला. मोठ्या मंडपात हे कसं व्हावं?

आता तुम्ही लिहा.

जवारी

मिरजेचा आहे, त्यामुळे तंबोऱ्याबद्दलच लिहिणार.

आमच्याकडे तंबोरे-सतारी करणारी घराणी पिढ्यानपिढ्या आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. लहानपणी शाळेतून येताना एखाद्या दुकानात कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासताना दिसायचे. थोडं घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी तार एकदम बोलायला लागते. ती जवारी.

हे सगळं काम ज्या नादासाठी, तो मोठ्या हॉलमध्ये बहुतेक वेळा मरतो. माइक गायकापुढे असतो, तंबोरा मागे, आणि लोकांपर्यंत पोचते ती एक गुणगुण. छोट्या खोलीत दोन तंबोरे नीट जुळलेले असले तर खर्जाच्या तारेतून न छेडलेले स्वर वर येतात. गंधार तर स्पष्ट ऐकू येतो. गायक आ लावतो तेव्हा तो त्या नादाच्या आतच असतो, वेगळा काढता येत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आत आणखी कुणीतरी गातंय.

ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे. ही काही खोलीतली मैफल नव्हे, चिंचेच्या झाडाखाली उघड्यावर असते. तरी मला ती छोटीच वाटते, कारण कलाकार तिथे हजेरी लावायला येतो. नाव झालेला गवई आणि नुकता शिकायला लागलेला पोरगा एकामागून एक त्याच बिछायतीवर बसतात.

सातवा अव्हेन्यू

गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसमधला एक सहकारी ओढून घेऊन गेला म्हणून व्हिलेज व्हॅन्गार्ड हे जॅझचं ठिकाण पाहिलं.

मॅनहॅटनमध्ये सातव्या अव्हेन्यूवर एक लाल दार आहे. आत शिरलं की सरळ अरुंद जिना खाली जातो. खाली तळघर, तेही त्रिकोणी, मंच टोकाकडे. जागा १२३. टेबलं इतकी खेटून की उठायचं तर शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. १९३५ पासून ही जागा चालू आहे आणि बहुतेक तशीच आहे म्हणतात. कलाकारांना वेगळी सजवलेली खोली वगैरे नाही, स्वयंपाकघराचाच उपयोग करतात. वादन चालू असताना बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. अमेरिकेत गप्प बसवणारा बार मी तोवर पाहिला नव्हता.

त्या रात्री पियानो, उभा बास आणि ड्रम असे तिघंच होते. बासवाला माझ्यापासून दोन टेबलं पुढे. बास हे वाद्य मी आयुष्यभर 'मागे काहीतरी वाजतंय' एवढंच ऐकलेलं. इथे त्याच्या बोटाची कातडी तारेवरून निसटतानाचा आवाज येत होता आणि तो स्वतःशीच, दात आवळून, वाजवतोय ते गात होता. आपले सतारवाले मनात गात असतील, हा उघड गात होता. मग ड्रमरने काठ्या ठेवून नुसते ब्रश घेतले आणि आवाज इतका खाली नेला की वरच्या रस्त्यावरून सबवे गेल्याची थरथर पायाला कळली. (सबवे रस्त्याच्याही खाली जाते हे ठाऊक आहे, पण तळघरात बसलं की दिशा कळेनाशा होतात.) एका जागी त्याने असा काही तुकडा टाकून पियानोला जागा करून दिली की माझ्या तोंडून 'अरे वा' निघून गेलं. चांगलं मोठ्याने. तिथे तशी रीत नाही. एकाचं एकल वादन संपलं की टाळ्या वाजवायच्या, मधे बोलायचं नाही. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं. ड्रमरनेही बघितलं, आणि तो हसला.

नंतर घरी येऊन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचं २५ जून १९६१ चं ध्वनिमुद्रण ऐकलं. ते याच तळघरातलं आहे. त्यात ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. स्कॉट लाफारो हा त्यांचा बासवादक त्यानंतर दहा-बारा दिवसांतच मोटार अपघातात गेला, वय फक्त २५. खोली पाहून आल्यावर ती किणकिण कुठल्या टेबलावरची असेल याचाच विचार मी करत बसतो.

सोमवारी तिथे सोळा-सतरा जणांचा वाद्यवृंद वाजतो. १९६६ पासूनची प्रथा. तेवढ्या खोलीत तेवढी पितळी वाद्यं! तो अनुभव वेगळा, त्याला जवळीक म्हणायचं की हल्ला, ते ठरवता आलेलं नाही.

गिरगावकर_आजोबा

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून थोडं मीठ टाकतो.

छोट्या मैफलीतला सर्वांत मोठा उपद्रव म्हणजे पहिल्या रांगेतला जाणकार. आमच्या वेळी गिरगावात चाळीच्या गणपतीतही मोठमोठे लोक गाऊन जायचे, लक्ष्मीबागेत बैठका व्हायच्या. या जाणकाराची जागा ठरलेली. गायकाने राग सुरू करायच्या आत हा शेजाऱ्याला नाव सांगणार. समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) अर्धी मात्रा आधी मान हलवणार. पाचशेच्या सभागृहात असला मनुष्य पचून जातो. चाळीस जणांत त्याचा अंमल चालतो. एका बुजुर्ग गायकांनी मध्येच थांबून, अगदी नम्रपणे, "आपण पुढे म्हणता का?" असं विचारलेलं मी स्वतः पाहिलं आहे. महाशय पुढल्या बैठकीला भिंतीशी बसले. तिसऱ्या बैठकीला पुन्हा पुढे.

दुसरं म्हणजे जांभई देता येत नाही. गायक समोर असतो, त्याला दिसतं.

हुबळीचा_पाहुणा

कुंदगोळबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हुबळीपासून जवळचं गाव. गायक सवाई गंधर्वांचं, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांचं. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने इथे शिकायला येत, भीमसेनजी गुरूंच्या घरीच राहिले. इथल्या नाडगीर वाड्यात गुरूंच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं होतं. लाकडी खांब, खाली जमखाना, आणि गावातली साधी माणसं. शेतावरून आलेली, घोंगडी घेऊन.

सांगायचंय ते रात्रीबद्दल. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. नियम योग्यच आहे, माझ्याही घराशेजारी मंगल कार्यालय आहे. पण त्यामुळे मोठ्या महोत्सवांतून दरबारी, अडाणा, मालकंस यांची खरी वेळच गेली. हे राग संध्याकाळी साडेआठला, जेवणाआधी ऐकावे लागतात. वाड्यात किंवा बंद दारामागे पहाटे चारला ललित हा पहाटेचा राग सुरू झाला की कोमल रिषभ अंगावर येतो, कारण बाहेर खरोखर तांबडं फुटायचं असतं आणि तुम्ही रात्रभर जागलेले असता. झोपाळलेलं डोकं स्वराला विरोध करत नाही. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे.

खिडकीबाहेरची

मला वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

वर 'वाड्याचा दिवाणखाना', 'कुणाची तरी बैठकीची खोली' असं वाचलं. त्या खोलीत बोलावणं कुणाला असतं? आमच्या गावात डॉक्टरांच्या बंगल्यावर गाणं व्हायचं. माझी आई तिथे कामाला होती. मी मागच्या अंगणात जाईच्या वेलाशी बसून सगळं ऐकलेलं आहे. हाताच्या अंतरावरच होतं की, मध्ये फक्त भिंत होती. तिकीट असतं तर पैसे साठवून आत गेले असते. ओळखीवर चालणाऱ्या मैफलीला तिकीट नसतं.

आणि छोट्या खोलीतली जवळून ऐकायची कला म्हणताना लावणी कुणाला आठवली नाही? चौफुल्याला, मोडनिंबला संगीतबारीची (लावणीच्या फडांची) थिएटरं आहेत. बैठकीची लावणी तर जवळून बघण्यासाठीच आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर (२०१८ मध्ये गेल्या, शंभरी ओलांडून) बसून अदा करायच्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर खेपेला भुवई, मान, पदराचं टोक यांनी तिचा अर्थ फिरवायचा. विसाव्या रांगेतून यातलं काय दिसणार? मी एका बाईंची अदाकारी नाट्यगृहाच्या मंचावर पाहिली आणि नंतर तीच एका छोट्या कार्यक्रमात, जमिनीवर बसून. दुसऱ्या वेळी त्यांनी 'सजणा' म्हणताना समोरच्या एका तरुणाकडे बघितलं आणि तो बिचारा आपल्या चपला शोधायला लागला. सगळे हसले, त्याही. त्या हसण्यात सूर जराही हलला नाही. याला मैफल म्हणायचं की नाही, तुम्हीच सांगा.

धागाकर्ता

म्हणायचंच. आणि बोलावण्याचा मुद्दा बिनतोड आहे. मी स्वतः लहानपणापासून 'आतला' होतो, म्हणून मनात आला नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सर्वांना खुल्या असलेल्या जागा लिहाव्यात. कोल्हापूरचा देवल क्लब, पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज अशा संस्था मुळात यासाठीच निघाल्या, की दरबारातलं आणि सरदारांच्या वाड्यातलं गाणं बाकीच्यांना ऐकता आणि शिकता यावं.

फोंड्याची_पोर

पणजीत मदरागोवा म्हणून फादोची छोटीशी जागा आहे. फादो म्हणजे पोर्तुगीजांचं दुःखाचं गाणं, लिस्बनचं. माझी पोर्तुगीज चार शब्दांपलीकडे जात नाही (आजीची जायची). गाणं सुरू होण्याआधी दिवे मंद करतात. गाणारी बाई उभी, अंगावर काळी शाल, बाजूला बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साधी गिटार. माइक नाही. ती डोळे मिटून मान मागे टाकते आणि आवाज थेट छातीतून येतो. शब्द कळत नाहीत याचा मला एकदाही त्रास झाला नाही. पण शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या अंकलना ते कळत होते आणि ते ओठांनी सगळं म्हणत होते. मी अर्धं गाणं त्यांच्याकडे बघून ऐकलं.

माइकवरून आठवलं, आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना ध्वनिक्षेपकाचं वावडं होतं. तो आवाज कसा असेल, कल्पना करा.

बिऱ्हाडी

ठाण्याला घरी बैठका करते. कुणाला सुरू करायच्या असतील तर दोन-चार गोष्टी.

हॉलमधलं सामान आतल्या खोलीत. खाली सतरंज्या, पडदे ओढलेले, नाहीतर फरशीवरून तबला घणाणतो. गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या भिंतीला, पुढे नाहीत. पंखा आणि एसी यांचं आधी ठरवून ठेवा. गार हवेचा झोत वाद्यांवर आला की तबल्याची वादी (चामड्याची दोरी) आणि तारा दोन्ही रुसतात, आणि पंखा बंद केला की माणसं रुसतात. आम्ही खोली आधी गार करून गाणं सुरू होताना बंद करतो, मध्यंतरात पुन्हा लावतो. आमच्या इमारतीची लिफ्ट दार उघडं राहिलं की गाणं म्हणते. ते भर विलंबितात (संथ लयीच्या गाण्यात) झाल्यापासून कुणालातरी लिफ्टपाशी उभं करते. तो बिचारा अर्धी मैफल मुकतो, म्हणून पाळी लावली आहे.

बिदागी आधी ठरवा, पाकिटात घाला, आणि तबला-पेटीवाल्यांचं पाकीट वेगळं द्या, गायकाच्या हाती नको. 'घरगुती आहे हो' म्हणून कमी पैशात बोलावणं मला पटत नाही. आम्ही प्रत्येकाकडून वर्गणी घेतो, विद्यार्थ्यांना माफ. खिडकीबाहेरची ताईंचं वाचून यावेळी इमारतीच्या फलकावर चिठ्ठी लावली : कुणीही या, ओळख लागत नाही. आमच्या वॉचमनदादांनी विचारलं, गावाकडून भाऊ आलाय, तो भजनात पखवाज वाजवतो, त्याला आणू का? आता त्याला पुढे बसवायचा आहे. गिरगावकर आजोबा, तुमच्या जाणकाराला भिंतीशी बसवायची काही युक्ती असेल तर तेवढी कळवा, एक आमच्याकडेही येतो.