हाऊस संगीत बनवणाऱ्याला सिनेमाचं बॅकग्राउंड जमतं का? (डाफ्ट पंकचा थॉमस बांगाल्टर)

चौथा_ठोका, पुणे

नमस्कार मंडळी. मी घरीच लॅपटॉपवर हाऊस बनवतो, म्हणजे क्लबमध्ये नाचायला लावतात ते एकसारख्या ठोक्याचं संगीत. कॉलेजच्या मित्राने शॉर्ट फिल्म केलीये आणि बॅकग्राउंड माझ्या गळ्यात मारलंय. अडचण अशी की जे लावतो ते जाहिरातीसारखं वाटतं. किक (खालचा ढोलासारखा ठोका) ठेवली तर सीन दबतो, काढली तर सगळं पोकळ. सध्या 'ट्रॉन: लेगसी' सिनेमाचा स्कोअर (बॅकग्राउंड) सारखा ऐकतोय. तो डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा. त्यातला थॉमस बांगाल्टर क्लबमधून तिथवर कसा पोचला? की खरं काम ऑर्केस्ट्रा लिहिणाऱ्याने केलं आणि नाव डाफ्ट पंकचं लागलं? कुणावर आरोप करत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

मुलुंडकर

आधी आरोपाचं बघू. 'ट्रॉन'चं (२०१०) अरेंजमेंट आणि ऑर्केस्ट्रेशन (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणं) जोसेफ ट्रापानीझचं आहे, लंडनला ८५च्या आसपास वादक बसवून रेकॉर्डिंग झालं. हे उघड आहे, क्रेडिटमध्ये आहे. शंकर-जयकिशनकडे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा अरेंजर होते, म्हणून ती गाणी शंकर-जयकिशनची नाहीत असं कुणी म्हणत नाही. या धंद्यात काम असंच वाटलेलं असतं.

पण माझ्या मते 'ट्रॉन'पासून सुरुवात केली की बांगाल्टर कळतच नाही. १९९८ला जा. स्टारडस्ट या नावाने अ‍ॅलन ब्रॅक्स आणि बेंजामिन डायमंड यांच्याबरोबर त्याने 'म्युझिक साउंड्स बेटर विथ यू' केलं. चाका खानच्या १९८१च्या 'फेट'मधला गिटारचा एवढासा तुकडा जवळजवळ गाणंभर फिरतो. मग बदलतं काय? फिल्टर, म्हणजे कटऑफच्या रेघेवरचा आवाज कापणारी सोय. कटऑफ खाली आणला की बँड शेजारच्या घरात वाजतोय असं वाटतं, वर नेला की तो आपल्या खोलीत येतो. आणि तो कधी येणार याची आपण वाट बघत राहतो. ही वाट बघायला लावणं हेच बॅकग्राउंडचं निम्मं काम आहे. त्याला ते सिनेमाच्या आधीच येत होतं.

सिनेमात त्याने ते लावलं २००२ला, गास्पार नोएच्या 'इरिव्हर्सिबल'मध्ये. गोष्ट उलट्या क्रमाने चालते, आणि सुरुवातीच्या साधारण अर्ध्या तासात खाली एक घरघर ठेवलेली आहे, ३० हर्ट्झच्याही खालची. लॅपटॉपच्या स्पीकरवर ती येणारच नाही. थिएटरात ती कानापेक्षा पोटात जाणवते. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सिनेमा दाखवला तेव्हा लोक उठून गेले. त्याला पडद्यावरची हिंसा कारण होतीच, पण हा आवाजही साथीला होता. क्लबमध्ये बेसने माणसाला सुख द्यायचं असतं. इथे तोच बेस माणसाला जागेवर बसू देत नाही. माझ्यासाठी त्याचं सिनेमातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, 'ट्रॉन'पेक्षाही. सिनेमा मात्र फार अंगावर येणारा आहे, आधी नुसता साउंडट्रॅक ऐक.

आता तुझी अडचण. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. १२०च्या टेम्पोला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका १२ फ्रेम, चार ठोक्यांचा बार ४८ फ्रेम म्हणजे २ सेकंद, आणि ८ बार १६ सेकंद. हाऊसवाल्याचा हात आठव्या बारला वळतो. नट मात्र तेराव्या सेकंदाला मान वळवतो. तू सोळाव्याला पोचतोस तोवर सीन पुढे गेलेला असतो, म्हणून ते वरून चिकटवल्यासारखं, जाहिरातीसारखं वाटतं. १३ सेकंदांत १२०ने २६ ठोके बसतात, म्हणजे ६ बार आणि वर दोन ठोके. मग मध्ये कुठेतरी दोन ठोक्यांचा अर्धा बार घाल, नाहीतर टेम्पो १११च्या जवळ आण, बरोबर ६ बार होतात. मोक्याची जागा आधी धर आणि तिथून उलटं मोजत ये.

मी बॅकग्राउंडचं प्रोग्रॅमिंग करतो. मध्यंतरी एका सीनमध्ये आई चहा गाळते आणि गॅस बंद करते, एवढंच होतं. डायरेक्टरला तिथे 'काहीतरी भावनिक' हवं होतं. आम्ही बर्नरच्या फुसफुसण्यातला सूर शोधला, त्याखाली एकच नोट धरली, कटऑफ पूर्ण खाली. नॉब फिरला की दोन्ही एकाच फ्रेमवर बंद. सीन पास झाला. नुसतं हाऊसचं शिक्षण वापरलं होतं त्यात, दुसरं काही नाही.

धनश्री_व्हायोलिन

मुलुंडकर दादा, 'इरिव्हर्सिबल'बद्दल पटलं, पण बांगाल्टरचं 'मिथोलॉजीज' राहिलं की! नृत्यदिग्दर्शक प्रेल्जोकाजचा बॅले, २०२२ला बोर्दोत झाला, रेकॉर्डिंग २०२३ला आलं. डाफ्ट पंक २०२१च्या फेब्रुवारीत थांबलं, त्यानंतर हे लोकांसमोर आलं. त्यात एकही सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) नाही आणि ऑर्केस्ट्रेशन त्याचं स्वतःचं आहे. काही भाग लांबतात असं माझं मत आहे. तरीही पन्नाशीकडे आलेला जगप्रसिद्ध माणूस जे येतं ते बाजूला ठेवून पहिल्यापासून शिकायला बसतो, याचं मला फार मोल वाटतं.

मी रेकॉर्डिंग सेशनला व्हायोलिन वाजवते. कीबोर्डवर लिहिलेली स्ट्रिंग्ज समोर आली की लगेच ओळखू येतात. कीवर बोट ठेवलं की सूर चालूच राहतो. आमचा गज संपतो, तो फिरवावा लागतो, आणि फिरवताना आवाज बदलतो. चौथा_ठोका, तू सॅम्पलमधली व्हायोलिन वापरणार असशील तरी लांब नोट मध्ये तोड, श्वास घेतो तशी.

गिरगावचे_आप्पा

या बांगाल्टर पोराच्या घरातच नाच आणि डिस्को दोन्ही होतं. आई नर्तकी, वडील डॅनियल वँगार्ड, डिस्कोतलं मोठं नाव. त्यांनी ज्याँ क्लुगरबरोबर ओटावन या डिस्को जोडीसाठी 'ते ओके' लिहिलं, आणि १९८२च्या 'डिस्को डान्सर'मधलं 'जिमी जिमी' त्यावरूनच बेतलेलं. म्हणजे बांगाल्टरच्या वडिलांची चाल आपल्या वरातींत बँडवाल्यांनी वाजवलेली आहे.

आणि उलटा, सिनेमाकडून डिस्कोकडे झालेला प्रवासही ऐकून ठेवा. चरणजित सिंग, मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगमधले वादक. त्याच १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची ८०८ (ठोक्यांचं यंत्र), ३०३ (बेसचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन दहा रागांची डिस्को रेकॉर्ड काढली. शिकागोचं अ‍ॅसिड हाऊस, म्हणजे ३०३च्या आवाजावर उभं राहिलेलं हाऊस, बाजारात यायच्या काही वर्षं आधी. त्या वेळी कुणी लक्ष दिलं नाही, २०१०ला ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. त्यातला भैरव ऐका, त्यांच्या ३०३ला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आहे.

चौथा_ठोका, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. १३ सेकंदांचं गणित माझ्या सीनला लावून पाहिलं, लगेच फरक पडला. मुलुंडकर दादा, एकच विचारायचंय: किक पूर्ण काढूच का?

मुलुंडकर

नको काढू. तिचा वरचा 'टक' फिल्टरने काप, खालचा धक्का राहू दे, आणि चारही ठोक्यांवर न ठेवता जिथे नट हलतो तिथेच ठेव. संवाद चालू असताना मधल्या पट्टीत (ना फार खालच्या, ना फार वरच्या आवाजात) काही वाजू देऊ नकोस, माणसाचा आवाज तिथेच असतो. आणि मित्राला आधी विचार, एडिट लॉक झालंय का, म्हणजे कापाकापी कायमची संपलीये का. नसेल तर थांब. त्याने एका शॉटमधल्या पाच फ्रेम जरी काढल्या तरी तुझं सगळं मोजमाप पुन्हा करावं लागेल.