गेमना सेन्सॉर बोर्ड हवं म्हणे!

वाकडी वाट:
काल 'निवृत्त मास्तर' यांनी लिहिलं की सिनेमासारखं गेमनाही सेन्सॉर बोर्ड हवं, मारामारीचे गेम एकतर कापावेत नाहीतर बंद करावेत, आणि 'पालकांना जमत नसेल तर सरकारने कान पकडावा'. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलं आणि लांबत गेलं. म्हणून वेगळा धागा.

मास्तर, तुम्ही दोन गोष्टींची खिचडी केलीत. वयाचं मानांकन म्हणजे मसाल्याच्या पुडीवर 'जास्त तिखट' असं छापणं. सेन्सॉर म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून कढईतल्या मिरच्या वेचून काढणं. आपल्याकडे पहिलं कोणी धड केलंच नाही. दुसरं मात्र हौसेने चाललंय.

पब्जीचंच बघा. मार्च २०१९मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळतात म्हणून कॉलेजच्या पोरांना उचललं. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात ११ वर्षांच्या मुलाने आईमार्फत बंदीसाठी याचिका केली होती. आणि शेवटी २ सप्टेंबर २०२०ला पब्जी बंद झाला तो कशापायी? हिंसा नाही, पोरांचा अभ्यास नाही. गलवानला चीनशी झटापट झाल्यानंतर ११८ ॲपांची यादी निघाली, आयटी कायद्याचं कलम ६९अ लागलं, कारण दिलं देशाची सुरक्षा. जुलै २०२१ला तोच गेम बीजीएमआय नाव घेऊन आला, जुलै २०२२ला स्टोअरवरून गायब, मे २०२३ला पुन्हा हजर. माहेरी-सासरी येरझाऱ्या घालाव्यात तसं. एवढ्या रामायणात बदललं काय? रक्त हिरवं झालं. 'किल'चं 'फिनिश' झालं. १८च्या आतल्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६.

माझा भाचा नववीत आहे. त्याला विचारलं, रक्त हिरवं का रे? म्हणतो, "मामा, इंडियन व्हर्जन आहे ना."

आता मानांकनाचं. ओटीटीला २०२१च्या नियमांत वयोगट आले, सिनेमाला नोव्हेंबर २०२४पासून यूए ७+, १३+, १६+ आलं. गेमना सरकारी आकडा नाहीच. प्ले स्टोअरवर जो दिसतो तो आयएआरसी या आंतरराष्ट्रीय मानांकन संस्थेचा. गेम बनवणारा प्रश्नावली भरतो, उत्तरांवरून आकडा पडतो. इथल्या कोणी तो ठरवलेला नाही, आणि इथे कोणी पाळत नाही. आकडा द्या, ठळक द्या, मराठीत द्या, स्टोअरवाल्यांना पाळायला लावा. कात्री राहू द्या खिशात.

निवृत्त मास्तर:
आपला लेख वाचला. मसाला, मिरच्या, कढई, सगळं चविष्ट आहे. मुद्दा तेवढा अळणी.

मी ३३ वर्षं शिकवलं आणि आता वस्तीत संध्याकाळी मोफत अभ्यासिका चालवतो. लॉकडाउनमध्ये शाळेसाठी म्हणून घरोघरी एक मोबाइल आला, तो परत गेलाच नाही. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा येतो. वडील रिक्षा चालवतात, दोन पाळ्या. आई पॅकिंगच्या कामाला. पोरगा रात्री दोनपर्यंत खेळतो आणि संध्याकाळी माझ्यासमोर झोपतो. तुमचा तो मराठीतला ठळक आकडा त्या घरात कोण वाचणार? रिक्षा चालवता चालवता बाप वाचणार?

तुमच्या भाच्याला मामा आहे. ज्याला मामा नाही त्याचं बोला.

चहाटळ:
मास्तरांनी मामाच बनवला की हो धागाकर्त्याला.

रेवाची आई:
मी मास्तरांच्या बाजूची, पण कारण वेगळं. हिंसेचं मला एवढं काही वाटत नाही. आमच्या लहानपणी दर रविवारी टीव्हीवर महाभारत होतं, बाणांनी मुंडकी उडायची, आम्ही पोहे खात बघायचो.

माझी रेवा सहावीत आहे. (हो, मुलीही खेळतात.) दिवाळीच्या सुट्टीत माझ्या यूपीआयवरून ११,४०० रुपये गेले. कशाला? बंदुकीला नवा रंग. 'स्किन' म्हणे. तोही थेट विकत मिळत नाही, पेटी उघडायची आणि नशिबात असेल ते निघतं. कंपनीला नऊ मेल केल्या. दरवेळी 'तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' आणि पैसे धोरणात बसत नाहीत. ऑगस्ट २०२५ला संसदेने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले ना? मग ही पेटी काय आहे? मटक्याला हे तरी माहीत असायचं की तो मटका आहे.

रक्त हिरवं करा, जांभळं करा. मला त्या पेटीवर आकडा हवाय.

चहाटळ:
ताई, पैशांच्या गेमबद्दल जपून बोला. जुलै २०२५ला आपल्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेतला रमीचा व्हिडिओ फिरला होता, तेव्हा ते म्हणाले की मी खेळत नव्हतो, जाहिरात घालवत होतो. मग शेती गेली आणि क्रीडा खातं मिळालं. गेमला एवढी राजमान्यता दुसऱ्या कुठल्या राज्यात?

बर्लिनचा बाळ्या:
इथे जर्मनीत यूएसके या गेम-मानांकन संस्थेचा वयाचा शिक्का असतो: ०, ६, १२, १६, १८. दुकानदाराला कायद्याने बंधनकारक. माझा मुलगा १५चा असताना निळा, म्हणजे १६चा गेम घेऊन काउंटरवर गेला. बाईंनी ओळखपत्र मागितलं, गेम काढून मागे ठेवला आणि 'पुढचा' म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो, गेम मीच घेतो म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मीही तो ठेवून आलो. २०२३पासून ते पेट्या-बिट्या, खरेदीचा दबाव हेही आकडा ठरवताना धरतात. रेवाच्या आईंना हवंय ते हेच.

वाकडी वाट:
बघा! हेच म्हणतोय मी. कात्री नाही, शिक्का.

बर्लिनचा बाळ्या:
थांबा, एवढे नाचू नका. इथे कात्रीही भरपूर चालली. 'हाफ-लाइफ'च्या जर्मन आवृत्तीत सैनिकांचे रोबो केले होते, माणूस मरताना दिसू नये म्हणून. नाझी चिन्हं गेममध्ये चालायचीच नाहीत, सिनेमात चालायची. २०१८ला कुठे 'प्रत्येक गेम तपासून ठरवू' असं झालं. शिक्का आला की कात्री जाते, असं काही नाही.

तिसरी घंटा:
हिरव्या रक्ताचं वाचून राहवेना. मंडळी, हे आपण आधी करून बसलोय! तेंडुलकरांचं 'गिधाडे' नाटक. साडीवरचा रक्ताचा लाल डाग सेन्सॉरला खपेना. दिग्दर्शक श्रीराम लागूंनी काय केलं? डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर करायला लागले की परिनिरीक्षण मंडळाच्या आदेशावरून डाग निळा दाखवतोय, प्रेक्षकांनी तो लाल समजावा. आख्खं थिएटर निळ्यात लाल बघत बसायचं. पन्नास वर्षांनी आपली पोरं हिरव्यात लाल बघतायत. परंपरा आहे ही, परंपरा!

पेन्शनर पुणे ३०:
कुठे 'गिधाडे' आणि कुठे टाइमपास गोळीबार. नाटक ही कला आहे. तुलना करताना काही तारतम्य?

तिसरी घंटा:
तेव्हा 'गिधाडे'लाही लोक कला म्हणत नव्हते, काका. घाण म्हणत होते. तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'च्या वेळी तर संस्कृती बुडायला आली होती. ती बुडाली का? दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, जिंकले, प्रयोग झाले. आणि ऐका, महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागते. अमोल पालेकरांनी २०१६मध्ये हायकोर्टात हेच आव्हान दिलं. आमच्या एकांकिकेतून एक शिवी काढायला लावली होती. नटाने तिथे नुसता पॉज घेतला. त्या पॉजला शिवीपेक्षा मोठा हशा आला.

पेन्शनर पुणे ३०:
म्हणजे शिवी नसतानाच बरं झालं की! सेन्सॉरने तुमचं नाटक सुधारलं. आभार माना.

तिसरी घंटा:
तुमच्यासारख्यांमुळेच रंगभूमीची ही अवस्था आहे.

पेन्शनर पुणे ३०:
माझ्यासारख्यांनीच तिकिटं काढून ती जगवली, राजे. तुम्ही पासवर बसत होतात.

रेवाची आई:
माझ्या ११,४००चं काय? नाटकवाल्यांनी वेगळा धागा काढा ना.

निवृत्त मास्तर:
नाटकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'सखाराम' मी पाहिलंय. निळू फुले, लालन सारंग. त्या प्रयोगाशी या भंगार गेमांची बरोबरी करणाऱ्याने ते पाहिलेलंच नाही.

वाकडी वाट:
तेव्हा वय काय होतं मास्तर?

निवृत्त मास्तर:
अठरा पूर्ण. कॉलेजात होतो.

वाकडी वाट:
आणि घरी सांगून गेला होतात?

निवृत्त मास्तर:
नाही.

चहाटळ:
'फिनिश'!

निवृत्त मास्तर:
हसा. पण मी चोरून गेलो ते एका संध्याकाळी, तीन तासांसाठी, स्वतःच्या पैशांनी. नाटक संपल्यावर पडदा पडला आणि मी चालत घरी आलो. या गेमचा पडदा पडत नाही हो. तो पोरगा रात्री दोनला जागा असतो कारण संघातली बाकीची तीन पोरं जागी असतात. रक्ताच्या रंगावर तुम्ही शंभर प्रतिसाद लिहा, मला त्याच्या झोपेचं पडलंय.

वाकडी वाट:
हे कालच लिहिलं असतंत तर मी धागा काढलाच नसता. पण मग मागणी सेन्सॉरची कशाला? झोपेला कात्री लागत नाही. दक्षिण कोरियाने १६च्या आतल्यांना रात्री १२ ते ६ बंद केलं होतं, २०११ला. २०२२ उजाडताना कायदा गुंडाळला. मधल्या काळात पोरं कॉम्प्युटरवरून मोबाइलवर गेली, आणि मोबाइलला तो कायदा लागूच नव्हता. चीनमध्ये २०२१पासून शुक्र-शनि-रवि रोज एकच तास आहे. तिथे आजी-आजोबांच्या नावाने खाती चालतात.

निवृत्त मास्तर:
म्हणजे काहीच करू नये.

वाकडी वाट:
मी असं कुठे म्हटलं? ३ तासांची मर्यादा कागदावर आहे. ती तुमच्या त्या पोराला का लागत नाही ते बघा. त्याचं खातं कोणाच्या नावावर आहे?

भंगारवाला:
कात्रीवरून आठवलं. २००८ला 'फॉलआउट ३' भारतात कोणीही बंद केला नव्हता. मायक्रोसॉफ्टनेच 'सांस्कृतिक संवेदनशीलता' म्हणत आणला नाही. कुठली ते सांगितलं नाही. गेममध्ये दोन तोंडांच्या गाई होत्या, त्यांचं नाव 'ब्राह्मिन', त्यावरून लोकांनी काय ते ताडलं. बोर्ड नाही, नियम नाही, तक्रारही नाही, नुसती धास्ती. मी चेन्नईहून मित्राकरवी इंपोर्टेड डिस्क मागवली, दुप्पट पैसे गेले. त्यामुळे बोर्ड असतं तर निदान कोणाला शिव्या द्यायच्या ते कळलं असतं, या एका मुद्द्यावर मास्तरांना माझा अर्धा पाठिंबा.

पेन्शनर पुणे ३०:
दोन तोंडांच्या गाई? आणि याला कला म्हणायचं?

तिसरी घंटा:
काका, तुम्ही झोपा.

निवृत्त मास्तर:
आज अभ्यासिकेत विचारलं. खातं आजीच्या नावावर आहे. वय ६४. आजीला मर्यादा ६ तास.

धागाकर्त्याचा एक मुद्दा मान्य. एकच. बोर्डाचा आग्रह मी सोडलेला नाही.

रेवाची आई:
मास्तर, आमच्याकडे तेवढीही शोधाशोध करावी लागली नाही. रेवाच्या खात्याला पालकांचा नंबर मागितला होता, तो माझाच आहे. ओटीपी मीच वाचून दाखवला होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, म्यूटवर जाऊन. तिने काहीतरी 'प्रोजेक्टसाठी' असं सांगितलं होतं.

कंपनीला दहावी मेल करतेय. त्यात हे लिहिणार नाही.