पोटात कालवायचं म्हणून मुलं घडवायला नालायक? (मेर्टेसाकरबद्दल)

शेवटचा बचाव
'माथेउस तेव्हाच बरोबर बोलला होता' (माथेउस म्हणजे जर्मनीचा माजी कर्णधार) हा कालचा धागा वाचून डोकं फिरलं. त्यात लिहिलंय की आर्सेनलचा माजी जर्मन बचावपटू पेर मेर्टेसाकर मनाने कच्चा, त्याला दडपण सोसवत नव्हतं, मग आर्सेनलने मुलं घडवणारी ॲकॅडमी त्याच्या हाती दिलीच कशी? वर ॲकॅडमीतून पुढे आलेले साका वगैरे खेळाडू आयते मिळाले, त्याचं कर्तृत्व शून्य. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

मार्च 2018. खेळाडू म्हणून शेवटचे दोन-तीन महिने उरलेले, पुढची ॲकॅडमीची नोकरी ठरलेली. तेव्हा हा माणूस श्पीगेल या जर्मन साप्ताहिकाच्या मुलाखतीत सांगतो की सामना सुरू व्हायच्या आधीच्या क्षणांत त्याला मळमळून उमासे यायचे आणि कोणाला दिसू नये म्हणून तो मान वळवायचा. 2006च्या विश्वचषकात जर्मनी उपांत्य फेरीत इटलीकडून हरली, तेव्हा वाईट वाटलंच, पण सुटलो असंही वाटलं. देशासाठी 104 सामने, 2014चा विश्वचषक, आर्सेनलकडून तीन एफए कप, आणि आतून ही अवस्था. त्यावर माथेउसने टीव्हीवर विचारलं की असा माणूस तरुण पोरांबरोबर काम कसं करणार?

अहो, असाच माणूस करणार! इंग्लंडमध्ये अंडर-9 पासून पोरांची नोंदणी होते. आठ-नऊ वर्षांच्या जिवाला ठरावीक काळाने ऐकावं लागतं की तू राहणार की जाणार. त्या पोराच्या पोटात काय चालतं हे ज्याला स्वतःच्या पोटावरून ठाऊक आहे, त्याच्यापेक्षा लायक कोण?

आणि कच्चा म्हणणाऱ्यांनी 2017चा एफए कप फायनल पुन्हा बघावा. गुडघ्यामुळे जवळजवळ अख्खा मोसम बाहेर. त्या मोसमात तो पहिल्यांदाच सुरुवातीच्या अकरात आला तो थेट वेम्ब्लीवर, लीग जिंकलेल्या चेल्सीसमोर. आर्सेनल 2-1 ने जिंकलं आणि बचावात भिंतीसारखा उभा होता तो हाच.

हिशेबनीस
तो 'काल'चा धागा माझा. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

फायनल छान खेळला, वाद नाही. पण तारखा बघा. साका सातव्या वर्षी हेल एंडला, म्हणजे आर्सेनलच्या ॲकॅडमीत आला, तेव्हा प्रमुख होते लिअम ब्रेडी. न्वानेरी, लुईस-स्केली, डाउमन ही सगळी पोरंही 2018च्या आधीच तिथे होती. पेरलं कोणी आणि नाव कोणाचं? चिडो ओबी मात्र याच्याच काळात हातचा गेला. लिव्हरपूलविरुद्ध अंडर-16च्या एका सामन्यात दहा गोल करणारा पोरगा 2024मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. 2023च्या यूथ कपच्या (युवा संघांच्या एफए कपच्या) फायनलमध्ये घरच्या मैदानावर वेस्ट हॅमने 5-1 ने धुतलं. हे तुमच्या लेखात कुठेच नाही.

शेवटचा बचाव
नुसतं पेरून पीक हाती येत नाही. अकरा ते सतरा या वयात वाढीच्या दुखापती होतात, एजंट मागे लागतात, दुसरे क्लब टपून बसतात. न्वानेरी 15 वर्षं 181 दिवसांचा असताना ब्रेंटफर्डविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये उतरला. लुईस-स्केलीने मार्च 2025मध्ये इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात गोल केला. ही पोरं त्या वयात टिकली ती कोणाच्या हाताखाली?

ओबी गेला हे मान्य. दुखलं ते.

पाच नंबर
विषय निघालाच आहे तर बोलतो. हाच माणूस स्ट्रायकर असता तर कोणी कच्चा म्हणालं असतं का? बचावपटूची एक चूक वीस वर्षं दाखवतात आणि त्याने वाचवलेले गोल कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. 2006मध्ये इटलीचा बचावपटू कान्नावारोला बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला, त्यानंतर एकाही बचावपटूला नाही! सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधल्या खेळाडूला, सगळं मैदान समोर दिसतं, त्याला सतत बोलावं लागतं, पुढच्याला हाका मारून जागेवर आणावं लागतं. शिकवण्याचं काम याहून वेगळं काय असतं? मी पंधरा वर्षं त्या जागी खेळलो. सामन्यानंतर माझा घसा बसायचा, पाय नाही.

टचलाइनवरची आई
सगळे प्रतिसाद वाचले. तुमचं सगळं प्रमुख कोण यावर चाललंय, म्हणून खालची बाजू सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा अंडर-9 पासून अंडर-12 पर्यंत एका क्लबच्या ॲकॅडमीत होता (क्लबचं नाव घेणार नाही). आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी गाडीत बसून गृहपाठ, रविवारी सामना. शाळेतल्या मित्रांच्या वाढदिवसांना गेलाच नाही. मग एका संध्याकाळी दहा मिनिटांची मीटिंग. 'शारीरिकदृष्ट्या मागे आहे.' बारा वर्षांच्या मुलाला! परतताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर क्लबचं जॅकेट स्वतः घडी करून पिशवीत घातलं आणि मला म्हणाला, हे परत द्यायचं असेल ना. त्यानंतर दीड वर्ष त्याने चेंडूला पाय लावला नाही.

क्लबकडून नंतर एक फोन आला नाही. वर कोणी कितीही समजूतदार बसला असला, तरी त्या दहा मिनिटांत समोर कोण बसलंय आणि नंतर फोन कोण करतं, यावर सगळं आहे.

हिशेबनीस
वाईट वाटलं वाचून. पण जागा मोजक्या आणि मुलं हजारो, तेव्हा कोणाला तरी सोडावं लागणारच. शिवाय क्लबला हा धंदाही आहे. घरी वाढवलेल्या खेळाडूची खरेदीची किंमत नसते, म्हणून तो विकला की जवळजवळ सगळी रक्कम खात्यावर नफा म्हणून दिसते. आर्सेनलच्याच ॲकॅडमीतले स्मिथ-रो फुलमला आणि एन्केतिया पॅलेसला, दोघे 2024च्याच उन्हाळ्यात विकले. पालकांनी हे समजूनच सही करावी.

टचलाइनवरची आई
सही मी केली, मान्य. पण 'समजून' हा शब्द आठ वर्षांच्या मुलाला लावू नका. तुमचं मूल त्या गाडीत बसलेलं नव्हतं. जागा मोजक्या आहेत हे मला शिकवू नका, मी चार वर्षं दर आठवड्याला ते डोळ्यांनी बघितलं. सोडायला माझा विरोध नाहीच. सोडताना माणसासारखं सोडा एवढंच म्हणतेय आणि तुम्ही मला ताळेबंद वाचून दाखवताय.

पाच नंबर
+१. हिशेबनीस, हे फार कोरडं झालं.

ऱ्हाइनकाठ
मी जर्मनीत गावातल्या क्लबची अंडर-11 मुलं सांभाळतो, विनामोबदला. 2000च्या युरोत जर्मनी गटातच गारद झाली, त्यानंतर बुंडेसलीगा क्लबांना युवा केंद्रं सक्तीची झाली. मेर्टेसाकर हानोफरमधून त्याच काळात वर आला. इथेही मुलं सोडली जातात आणि रडत आमच्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात असाच एक आला. पहिला महिनाभर प्रत्येक पासनंतर माझ्याकडे बघायचा, चुकलं का म्हणून.

आणि एक गोष्ट इथे कोणीच काढली नाही. हानोफरला मेर्टेसाकर गोलरक्षक रॉबर्ट एन्केबरोबर खेळला होता. नोव्हेंबर 2009मध्ये एन्केने नैराश्यात जीव दिला. आपला एक सहकारी असा गेलेला माणूस आठ वर्षांनी स्वतःच्या भीतीबद्दल उघड बोलतो, त्याला कच्चा म्हणताना जरा थांबायला हवं होतं. हिशेबनीस, हे तुमच्यासाठी आहे.

हिशेबनीस
एन्केचा संदर्भ माझ्या लक्षात आला नव्हता. 'कच्चा' हा शब्द मागे घेतो, मूळ धाग्यातही बदलतो.

बाकीचा मुद्दा मागे घेत नाही. स्वतः सोसलं म्हणून दुसऱ्याला घडवता येतं असं होत नाही. 2019मध्ये आर्सेनलने प्रशिक्षक एमरींना काढल्यावर हंगामी प्रशिक्षक युंगबर्गच्या मदतीला तो काही आठवडे पहिल्या संघाच्या बेंचवर होता आणि त्या आठवड्यांत संघ काही सावरला नाही. प्रामाणिकपणाला माझा सलाम, पण ॲकॅडमीचं माप सलामाने होत नाही. त्याच्या काळात अंडर-9ला आलेली मुलं विशीत येतील तेव्हा बघू.

आणि ताई, तुमच्या मुलाबद्दल मी हिशेबाच्या भाषेत बोललो. ते चुकलं.

शेवटचा बचाव
विशीत येतील तेव्हा बघू, हे मला चालेल. पण मग आज शून्य कर्तृत्वही म्हणू नका. आणि बेंचवरचे ते काही आठवडे मोजू नका, ते काम त्याने मागितलं नव्हतं आणि तो लगेच मुलांकडे परतला.

ताई, धागा मी काढला आणि त्यात सोडलेल्या मुलांबद्दल एकच वाक्य लिहिलं. मला यशस्वी झालेल्यांचीच नावं आठवली. मुलगा आता खेळतो का?

टचलाइनवरची आई
खेळतो. शाळेच्या संघात, सेंटर बॅक. उंची चौदाव्या वर्षी एकदम वाढली. मागच्या शनिवारी 4-0 ने हरले आणि घसा बसवून घरी आला.