नेक्रोटायझिंग फॅसायटिस: पहिली चीर उपनगरातल्या नर्सिंग होममध्येच, की रुग्ण थेट मोठ्या रुग्णालयात?

उपनगर_सर्जन

पावसाळ्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून धागा काढतोय. नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणजे कातडीखालचा पडदा (फॅशिया) झपाट्याने कुजवणारा संसर्ग. मधुमेही रुग्ण, तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेला, पोटरी सुजलेली. सेल्युलायटिस (कातडीचा साधा संसर्ग) समजून दोन दिवस गोळ्या चालू असतात, वर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. त्याने ताप उतरतो, दुखणं दबतं आणि आतली कुज पुढे सरकते.

लाली तळहाताएवढी, पण दुखणं असं की चादर लागलेली सोसवत नाही. सूज लालीच्या बरीच पुढे गेलेली, हाताला लाकडासारखी टणक. नाडी १२०. असं दिसलं की माझ्या मते एमआरआयची चर्चासुद्धा करू नये. जागा बधिर करून २ सेंमी चीर द्यायची, थेट खोल फॅशियापर्यंत. निरोगी फॅशिया पांढरी, चकचकीत आणि घट्ट चिकटलेली असते. इथे ती राखाडी दिसते, रक्त येत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं पातळ गढूळ पाणी येतं आणि बोट घातलं की थर विनासायास सुटत जातात. एवढ्यावर निदान झालं. ज्या नर्सिंग होममध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ आणि चालू ऑपरेशन थिएटर (ओटी) आहे, तिथेच पहिलं डिब्राइडमेंट (मेलेला भाग कापून काढणं) करावं आणि मग रुग्ण हलवावा. २०२० च्या एका एकत्रित विश्लेषणात रुग्णालयात आल्यापासून ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू सुमारे १९ टक्के होते, उशीर झालेल्यांत सुमारे ३२ टक्के.

अतिदक्षता_परळ

सर, निदानाबद्दल वाद नाही. हरकत आहे ती "तिथेच करावं" याला.

हा आजार पायाचा दिसतो, पण रुग्ण जातो तो सेप्टिक शॉकने, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळून. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले १२ तास सगळ्यांत वाईट. रक्तदाब टिकत नाही, लघवी थांबते, कधी डायलिसिस लागतं, कधी व्हेंटिलेटर. रक्ताच्या चार पिशव्या हाताशी लागतात आणि प्लेटलेट्सही. ज्या ठिकाणी रात्री रक्तपेढीत नातेवाईकाला रिक्षाने पाठवावं लागतं, तिथे मांडीपर्यंत कातडी उघडणं धोक्याचं.

दुसरं म्हणजे अर्धवट डिब्राइडमेंट. पुढची जबाबदारी आपली नाही हे माहीत असलं की हात आखडतो. दोन-तीन चिरा देऊन "ड्रेनेज केलं" असं चिठ्ठीवर येतं. हा गळू नाही, निचरा करून भागत नाही. मेलेली फॅशिया आत राहिली की त्या चिरांचा उपयोग शून्य, आणि पुढच्या टीमला वाटतं की शस्त्रक्रिया झालेली आहे. त्या गैरसमजात दुसरे ८ तास जातात.

उपनगर_सर्जन

अर्धवट कामाचा मुद्दा पूर्ण मान्य. कातडीला रक्त सुटेपर्यंत आणि फॅशिया बोटाने सुटेनाशी होईपर्यंत कापायचं. त्याच्या अलीकडे थांबणं म्हणजे काम न करणंच.

पण "थेट पाठवा" म्हणजे प्रत्यक्षात काय होतं तेही मांडू या. भांडुपहून परळला १०८ ने, पाऊस असेल तर दीड-दोन तास. कॅज्युअल्टीत केसपेपर, निवासी डॉक्टर, पुन्हा सगळ्या रक्ततपासण्या, मग "सीटी करून घ्या". सीटीत वायू दिसला नाही म्हणून आजार नाकारला जातो. स्ट्रेप्टोकोकसच्या प्रकारात वायू बहुधा नसतोच. रक्ततपासण्यांवरून या आजाराचा संशय मोजणाऱ्या एल-रिनेक स्कोअरचंही तेच. २००४ साली सिंगापूरहून आलेला हा स्कोअर सीआरपी, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि साखर यांवर बेतलेला. ६ किंवा जास्त आला तर संशय पक्का करा, पण ६ च्या खाली आला म्हणून रुग्णाला वॉर्डात झोपवू नका. पुढच्या अभ्यासांत सुमारे एक तृतीयांश रुग्ण त्यातून निसटलेले दिसले.

भूल_मुलुंड

कोण कुठे करणार हे भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ठरवू नका, एवढीच विनंती.

छोट्या ठिकाणी सवयीने स्पायनल (पाठीच्या कण्यातून कमरेखालची भूल) दिला जातो. इथे तो टाळा. प्लेटलेट्स वेगाने घसरत असतात, रक्त गोठण्यात बिघाड असतो आणि आधीच ढासळलेला दाब स्पायनलने कोसळतो. जनरल भूलच द्यावी, सुरुवातीला केटामाइन बेताच्या मात्रेत. त्याआधी १६ किंवा १८ नंबरच्या सुयांनी दोन शिरा, पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिली रिंगर लॅक्टेट, आणि सरासरी दाब ६५ ला पोचत नसेल तर दाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. सेंट्रल लाइन टाकण्यासाठी थांबू नका. कोपराच्या घडीतल्या किंवा तिच्या वरच्या चांगल्या शिरेतून काही तास चालतं, फक्त सुईच्या जागेकडे कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं.

मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी चालू आहे का, हे आवर्जून विचारा. असल्यास बंद करा आणि साखर २०० च्या आत असली तरी कीटोन तपासा. गुप्तांगाजवळ होणाऱ्या याच आजाराबद्दल, म्हणजे फोर्नियर गँगरीनबद्दल, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये या गटाच्या औषधांवर इशारा दिलेला आहे.

माझं मत विचाराल तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवत न्यावं लागणारा रुग्ण नर्सिंग होमच्या टेबलावर घेऊ नये.

सूक्ष्मजीव_दादर

शस्त्रक्रिया कुठेही होवो, अँटिबायोटिकची पहिली मात्रा जिथे संशय आला तिथेच गेली पाहिजे. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम, सोबत क्लिंडामायसिन ९०० मिग्रॅ. क्लिंडामायसिन जंतू मारण्यापेक्षा त्यांचं विष तयार होणं थांबवायला द्यायचं, म्हणून "मेरोपेनेम चालू आहे, मग हे कशाला" असं म्हणून कुणी काढू नये. एमआरएसएसाठी (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड ६०० मिग्रॅ. मूत्रपिंड आधीच दबलं असेल तर व्हँकोमायसिन आणि पिपरासिलिन ही जोडी मी टाळेन. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्याशी संबंध आला असेल, त्यात यकृताचा आजार असेल, तर व्हिब्रिओ हा जंतू लक्षात ठेवून डॉक्सिसायक्लिन जोडा.

आता कळकळीने एक सांगते. वरवरचा स्वॅब पाठवू नका. फॅशियाचा तुकडा पाठवा, आणि तो सलाईनचे चार थेंब घातलेल्या निर्जंतुक डबीत. ओटीत फॉर्मेलिनच्या बाटल्या हाताशी असतात, तुकडा त्यात पडतो आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) कायमचं गेलं. पॅथॉलॉजीसाठी वेगळा तुकडा, वेगळी बाटली. ग्राम स्टेनचा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचा) निकाल तासाभरात देता येतो, पण नमुना सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवला तर नाही.

सिस्टर_सर्जिकल_वॉर्ड

रुग्ण आल्या आल्या लालीच्या कडेने मार्कर पेनने रेघ आणि रेघेशेजारी वेळ. सुजेची रेघ वेगळी काढा, कारण ती पुढे असते. तासाने पुन्हा बघा. साध्या बॉलपेनची रेघ स्पिरिटने पुसली जाते, मग पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर सलाईनमध्ये भिजवलेले गॉज सैल भरा, पट्टी आवळू नका. व्हॅक (फोम लावून जखमेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र) पहिल्याच दिवशी लावायची घाई नको. आत मेलेला भाग शिल्लक असेल तर तो फोमखाली झाकला जातो.

अतिदक्षता_परळ

सिस्टरांची रेघ आमच्याकडे पोचते तेव्हा निम्मा प्रश्न सुटलेला असतो, हे खरंच.

मी थोडा मागे येतो. दाब स्थिर आहे, आजार गुडघ्याखाली आहे, रक्त हाताशी आहे आणि सर्जन पूर्ण कापायला तयार आहे, तर तिथे करा. पण मान, पोटाची भिंत आणि गुप्तांगाची जागा, इथे नाही. तिथे कधी कोलोस्टॉमी (पोटावर शौचाची वाट) लागते, कधी श्वासमार्ग सांभाळावा लागतो. आणि अँब्युलन्स निघण्याआधी सर्जनने सर्जनला फोन करावा, म्हणजे ओटी आणि बेड तयार राहतो. रुग्ण पोचल्यावर सीटी मागणाऱ्याला उत्तर देण्याचं काम माझं. २४ तासांच्या आत पुन्हा टेबलावर घेऊन जखम उघडून बघणं मात्र ठरलेलंच, पहिली शस्त्रक्रिया कितीही चांगली झालेली असली तरी.

उपनगर_सर्जन

मान आणि गुप्तांग मान्य. गुडघ्याची सीमा मान्य नाही, मांडीचा स्थिर रुग्ण मी घेईन. पोटरीतला आजार दोन तासांच्या प्रवासात मांडीत गेलेला असतो, मग तुमची सीमा कुठे राहिली?

चिठ्ठीत चिरेची वेळ, कुठपर्यंत कापलं त्याचं रेखाचित्र, कुठे शंका उरली आणि अँटिबायोटिकच्या मात्रांच्या वेळा असाव्यात. संमतिपत्रावर "पाय काढावा लागू शकतो" हे पहिल्याच वेळी मराठीत लिहून, नातेवाईकांना बसवून समजावून सांगावं. ते दुसऱ्या रुग्णालयावर सोडलं तर मध्यरात्री सही करायला कुणी तयार होत नाही आणि टेबल मोकळं पडून राहतं.