बारा तासांची शिफ्ट: प्रेस शॉपला तरी नको

प्रेसवाला_भोसरी
सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे कमाल ९ तास १२ करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तसेच, कामगाराची लेखी संमती हवी. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा मात्र ११५ तासांवरून १४४.
बाकीचं राहू द्या, प्रेस शॉपला, म्हणजे जिथे मशीनखाली पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, हे नको. थर्ड शिफ्टला तीनच्या सुमारास डोळे उघडे असतात, माणूस नसतो. दोन्ही हातांनी बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात डायबाहेर, साच्याबाहेर राहतात. टार्गेटसाठी त्यातलं एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी पाहिलंय. त्या पोराची दोन बोटं गेली. डबल शिफ्ट होती, तेरावा तास.

गाववाला९०
दादा, बोटं चिकटपट्टीने गेली, तासांनी नाही. पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आला नाही की आत्ताही सोळा तास होतात, त्याची नोंद कुठे असते? कायद्यात बसलं तर दुप्पट दर मागता तरी येईल. आणि चार दिवसांत ४८ भरले तर मी तीन दिवस परभणीला. रान बघून होतं, आईला दवाखान्यात नेऊन होतं.

प्रेसवाला_भोसरी
चिकटपट्टी दिसली की सहाव्या तासाला माणूस ती काढतो. अकराव्या तासाला 'राहू दे' म्हणतो.

नाइट_सिस्टर
आमच्याकडे बारा तासांची नाइट आहेच, म्हणून सांगते. दुपारी दोनला उठलेला माणूस सकाळी सातला सतरा तास जागा असतो. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात सतरा तास जागलेल्यांचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखे चालत होते. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. आणि त्यानंतर बाइकवरून घरी जायचं असतं, ते वेगळंच.

वर्कशॉपवाला
सगळे मालक राक्षस नसतात हो. तिसऱ्या शिफ्टला माणूसच मिळत नाही. दोन शिफ्टमध्ये भागलं तर मलाही झोप लागेल.

प्रेसवाला_भोसरी
तुम्हाला लागेल, साहेब.
@गाववाला, १४४ तास म्हणजे आठवड्याला अकरा. तुझ्या तीन दिवसांतला एक तिथेच गेला.

गाववाला९०
संमती लागते ना? नाही म्हणायचं.

प्रेसवाला_भोसरी
परमनंट आहेस का?

गाववाला९०
ठेकेदाराकडे.